सोडलेल्या चेंडूंची वही

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी वासुदेव आवारे हे नाव सांगतो. आईवडिलांना त्यात धरत नाही. त्यांचं देणं उपकारांच्या यादीत बसत नाही. अमरावतीच्या ज्या कॉलेजात मी शिकलो, तिथं वासुभाऊ रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. काचेची भांडी धुणं, बाटल्या भरणं, बर्नर लावून देणं, पोरांनी फोडलेल्या परीक्षानळ्या झाडून काढणं ही त्यांची कामं. ते नसते तर मी पदवीधर झालो नसतो, आणि आमच्या घरात माझ्याआधी कुणीच पदवीधर नव्हतं. हे मी निरोप समारंभांत, शिक्षक दिनाच्या भाषणांत बऱ्याचदा सांगितलं आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या आहेत. त्यातली एक गोष्ट मात्र मी कुणालाच सांगितली नाही, वासुभाऊंनाही नाही. ती सांगायची वेळ आता आली आहे असं वाटतं, म्हणून लिहायला बसलो.

फेब्रुवारी संपत आला की अकोल्याचं ऊन बदलतं. सकाळी अंगावर घ्यावंसं वाटणारं ऊन दहा वाजेपर्यंत परकं होतं. कडुनिंबाची पानं गळून कॉलेजच्या आवारात करकरत पडलेली असतात, आणि बारावीची प्रॅक्टिकल सुरू होतात. मी आता इथल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. प्रॅक्टिकलच्या दिवसांत प्रयोगशाळेत अमोनियाचा नाकात शिरणारा वास, सडक्या अंड्यासारखा दुसऱ्या एका वायूचा वास आणि घाबरलेल्या मुलांच्या घामाचा वास असे तिन्ही मिसळतात. दारातून आत पाऊल टाकलं की मला रेडिओची खरखर ऐकू येते. इथं रेडिओ नाही. कधी नव्हताही. तो अमरावतीला होता, स्टोअररूमच्या फळीवर, आम्लाच्या रिकाम्या बरण्यांच्या मागे.

त्या रेडिओवर आम्ही एका माणसाला ऐकायचो. त्याचं नाव लिहीत नाही, कारण वासुभाऊ कधी घेत नसत. 'आपला आला का?' एवढंच ते विचारत. देशात त्या वेळी कुणालाही असं विचारलं असतं तरी तोच फलंदाज समजला गेला असता. लहान चणीचा किंवा उंच, डावखुरा किंवा उजवा, हे आम्हाला माहीत होतं ते वर्तमानपत्रातल्या छायाचित्रांवरून. आम्हाला खरा तो आवाजातून माहीत होता. तो मैदानात उतरला की समालोचकाचा स्वर अर्ध्या पट्टीनं वर जायचा आणि मागचा गलका इतका वाढायचा की रेडिओ फळीवर थरथरायचा.

वासुभाऊंची एक वही होती. विद्यार्थी वर्ष संपल्यावर आपली प्रॅक्टिकलची जर्नलं टाकून जात. त्यांतली डावीकडची कोरी पानं फाडून, सुतळीच्या दोऱ्यानं शिवून ती वही केलेली. तिच्यात त्या फलंदाजाचा हिशेब होता, पण धावांचा नव्हता. त्यानं सोडलेल्या चेंडूंचा होता. ऑफ स्टंपच्या बाहेरून जाणारा चेंडू न खेळता त्यानं यष्टिरक्षकाकडे जाऊ दिला की एक उभी रेघ. डोक्याजवळून जाणाऱ्या चेंडूखाली तो वाकला की एक वाकडी रेघ. वर सामन्याचं ठिकाण आणि कितवा दिवस. बाकी काही नाही.

मी पहिल्यांदा ती वही पाहिली तेव्हा विचारलं, यात त्याचं शतक कुठं आहे. वासुभाऊ म्हणाले, "रन तं उद्या पेपरात येतेत. सोडलेले बॉल कोन लिहिते?"

मी हिवरखेडचा. मराठी शाळेत शिकून बी.एस्सी.ला आलो होतो आणि वर्गात सरांचं इंग्रजी डोक्यावरून जात होतं. समालोचन अर्धा तास हिंदीत आणि अर्धा तास इंग्रजीत असायचं. हिंदी चालू असताना वासुभाऊंना कुणाची गरज नसे. 'और ये गेंद छोड़ दी' ऐकलं की पेन्सिल हलायची. इंग्रजी सुरू झालं की मात्र अडायचं. एकदा मी परीक्षानळ्या परत करायला गेलो असताना त्यांनी मला विचारलं, इंग्रजी समजते का. मी हो म्हटलं. ते खोटं होतं. पण त्या खोट्यापायी मला स्टोअररूममध्ये स्टूल मिळालं आणि पुढची दोन वर्षं मी कान देऊन इंग्रजी ऐकलं. माझं इंग्रजी जे काही आहे ते तिथलं आहे.

एकदा समालोचक म्हणाला की त्यानं 'शोल्डर्ड आर्म्स' केलं. मी शब्दाला शब्द लावला आणि सांगितलं, खांद्यावर हत्यार घेतलं म्हणते. वासुभाऊंची पेन्सिल हवेत थांबली.

"मंग सोडला का मारला?"

मी म्हटलं, ते काही बोलला नाही तो.

"लेका, हत्यार खांद्यावर ठेवून कोनी मारते का?" असं म्हणून त्यांनी रेघ ओढली.

नागपूर तिथून काही तासांवर. तो तिथं खेळायला आला तरी वासुभाऊ कधी गेले नाहीत. लोक मधेच उभे राहतात, तिथं बसून रेघा कशा मारायच्या, ही त्यांची अडचण. मीही त्याला प्रत्यक्ष कधी पाहिलं नाही. राजकमल चौकाजवळच्या एका टीव्ही दुरुस्तीच्या दुकानाबाहेर मात्र उभ्यानं पुष्कळ पाहिलं. तिथं पाहिल्यावर मला वहीचा अर्थ लागला. चेंडू सोडताना तो बॅट दोन्ही हातांनी वर उचलून घ्यायचा, शरीर बाजूला करायचा, पण नजर चेंडूवरून हलवत नसे. चेंडू यष्टिरक्षकाच्या हातमोज्यांत जाईपर्यंत तो बघत राहायचा. जो खेळायचा नाही असं ठरवलं, त्याच्याकडेही खेळायच्या चेंडूइतकंच लक्ष. मारलेले फटके टीव्हीवाले पाच पाच वेळा दाखवत. हे कधी कुणी परत दाखवलं नाही.

त्या दुकानाबाहेरच्या गर्दीचे काही नियम होते. तो नव्वदीत असला की कुणी जागा बदलायची नाही. एकजण शतक होईपर्यंत सायकलवर एक पाय टेकून तसाच राहिलेला मी पाहिला आहे. कुणी खोकलं तरी लोक वळून बघत. वासुभाऊ एकदा माझ्यासोबत आले होते. तो अठ्ठ्याण्णववर असताना ते शांतपणे उठले, पलीकडच्या हापशीवर जाऊन पाणी प्याले आणि परत आले. मधल्या वेळेत तो बाद झाला नाही, म्हणून वाचले. तरी एक म्हातारा चिडून म्हणाला की तुमच्यासारख्या माणसायमुळंच भारत हरते. वासुभाऊंनी तोंड पुसलं. "बावा, आपन पानी पेल्यानं तो आउट होत असता, तं लोकायनं त्याले कधी पन्नासच्या वर जाऊ देलं असतं का?"

मला आठवतं, त्याच मोसमात एकदा त्यानं चेंडू सोडला आणि तो आत वळला. दांडी उडाली. रेडिओत आधी गलका झाला, मग एकदम काही नाही. मी वहीकडे पाहिलं. मला वाटलं, याची रेघ येणार नाही. वासुभाऊंनी नेहमीसारखी उभी रेघ ओढली. मी म्हटलं, हा तर चुकला. ते म्हणाले, "सोडला ना त्यानं? चुकला म्हनून सोडला नाई, असं होत नाई." मग त्यांनी रेडिओ बंद केला आणि नळाखाली चंचुपात्रं धुवायला घेतली.

आता मुख्य गोष्ट. दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळी परीक्षेची.

आमच्या प्रॅक्टिकलला एक पुडी मिळायची. तिच्यात दोन क्षारांची पांढरी पूड मिसळलेली. त्यात काय काय आहे ते एकेक चाचणी करत शोधून काढायचं. पुड्या भरून त्यांवर आकडे घालण्याचं काम परिचरांचं, त्यामुळे कुठल्या आकड्यात काय आहे ते त्यांना ठाऊक असे. सॉल्ट फोडणारे परिचर सगळ्या कॉलेजांत असतात अशी आमची समजूत होती. कुणी आदल्या दिवशी चहाच्या टपरीवर हळूच नाव सांगतो. कुणी तोंडानं काहीच बोलत नाही. परीक्षेच्या वेळी फिरता फिरता जी बाटली लागणार आहे नेमकी ती तुमच्या हाताजवळ ठेवून पुढे जातो. ज्याला कळायचं त्याला कळतं. हे सगळं आम्ही वरच्या वर्गातल्या पोरांकडून ऐकलं होतं. वासुभाऊंनी इतक्या वर्षांत हे कधी केलं नव्हतं, हेही त्यांच्याकडूनच ऐकलं होतं.

माझ्या बॅचच्या पोरांनी मला गाठलं. माझ्या शेजारच्या टेबलावर गजानन नावाचा अंजनगावचा मुलगा होता. तो म्हणाला, "तुह्यासंगं तो दिवसभर रेडिओ ऐकते. तुले नाई म्हननार नाई. जा ना बे."

माझ्यावर वेगळं ओझं होतं. बाबा जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे. कॉलेजला पाठवताना त्यांनी एकच सांगितलं होतं: एक वर्ष गेलं की परत यायचं. ते रागानं म्हणाले नव्हते. त्यांच्या हिशेबात नापास होणं म्हणजे गावानं आपल्याकडे बोट दाखवून सांगणं की हे तुमचं काम नव्हे. माझा सॉल्टचा भाग कच्चा होता. म्हणून मी विचारलं. कसोटीची जेवणाची सुट्टी झाली होती, रेडिओवर गाणी लागली होती. वासुभाऊ डबा उघडून बसले होते. मी विचारल्यावर त्यांनी भाकरीचा तुकडा परत डब्यात ठेवला.

"नाई," ते म्हणाले. डबा बंद करत म्हणाले, "तुले येते. तू कर."

एवढंच. मी बाहेर आलो. पोरांनी विचारलं तेव्हा नाही म्हणाले असं सांगायची मला लाज वाटली. आपला माणूस आपल्याला नाही म्हणाला, हे कमीपणाचं वाटलं. मी सांगितलं, पाहतो म्हणाले. आणि दोन दिवस हे सांगता सांगता माझा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला.

परीक्षेच्या दिवशी प्लॅटिनमची तार पुडीतल्या भुकटीत बुडवून मी बर्नरच्या ज्योतीत धरली. ज्योत लाल झाली. किरमिजी, स्वच्छ लाल, क्षणभर, पण झाली. मी पेन्सिलनं लिहिलं: ज्योतीचा रंग किरमिजी लाल. यावरून अंदाज बांधायचा तो स्ट्रॉन्शियमचा. पुढच्या चाचण्या करत होतो तेवढ्यात वासुभाऊ आले. त्यांनी पोटॅशियम क्रोमेटची पिवळी बाटली माझ्या उजव्या हाताशी ठेवली आणि काही न बोलता पुढे गेले.

ती बाटली बेरियम ओळखायला वापरतात. बेरियमची ज्योत हिरवी असते.

तेव्हा मला काय वाटलं ते अजून जसंच्या तसं आठवतं. वाटलं, शेवटी आपलाच माणूस. छाती भरून आली. मी खोडरबर घेतलं आणि लाल खोडून हिरवी लिहिलं. क्रोमेटचे थेंब टाकले. बेरियम असतं तर पिवळा गाळ तळाला बसायला हवा होता. द्रावण नुसतं पिवळं झालं, पारदर्शक. नळीच्या पलीकडची खिडकी त्यातून दिसत होती. मी लिहिलं: पिवळा गाळ. बेरियम आहे.

बाहेरचे परीक्षक वयस्कर होते, मऊ बोलणारे. त्यांनी ज्योतीचा रंग विचारला. मी हिरवा म्हटलं. त्यांनी माझ्याच पुडीतली तार माझ्याच बर्नरवर धरली. लाल झाली. मग त्यांनी कागद उजेडाकडे तिरपा केला. पेन्सिलचे वळ दिसत होते.

"आधी बरोबर लिहिलं होतंस," ते म्हणाले. "मग खोडलंस कशाला?"

 त्यांनी पुढचं काही विचारलं नाही, आणि आपण नापास झालो हे मी त्यातच समजलो. बाहेर व्हरांड्यात आल्यावर गजाननला मी हळूच विचारलं की वासुभाऊंनी तुला काही दिलं का. तो चिडलेला होता. म्हणाला, "अबे, क्रोमेटची बाटली मीच मांगतली होती त्यायले. माह्याकडे जागा नव्हती तं तुह्या टेबलावर ठेवून गेले. अन् तू ते दाबून बसला."

म्हणजे खूण नव्हतीच. एका टेबलावर जागा नव्हती, म्हणून बाटली दुसऱ्या टेबलावर ठेवली होती. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेला रंग खोडला तो दुसऱ्याच्या मनात नसलेल्या खुणेसाठी.

निकाल लागला. थिअरीत पास, प्रॅक्टिकलला नापास. म्हणजे वर्ष गेलं. यादी माझ्याआधी वासुभाऊंनी पाहिली होती. ते मला नळाजवळ भेटले. हातात फेसाळलेला ब्रश तसाच होता. ते म्हणाले, "माह्या एका शब्दानं तुह्यं वर्ष वाचलं असतं."

इथं मी बोलायला हवं होतं. तुमचा काही संबंध नाही, मीच लाल पाहून हिरवं लिहिलं, एवढं म्हणायला दहा सेकंद लागली असती. पण ते म्हणायचं तर हेही सांगावं लागलं असतं की मी तुम्हाला सॉल्ट फोडणारा माणूस समजलो आणि त्याचा मला आनंद झाला. मी खाली बघत राहिलो. त्यांनी त्याचा अर्थ वेगळा घेतला.

तिसऱ्या दिवशी ते हिवरखेडला आले. अंजनगाव, अकोट करत, दोन गाड्या बदलून, जूनच्या त्या कोरड्या उकाड्यात. बाबांनी तोवर जिनिंगच्या मुकादमाजवळ माझ्यासाठी शब्द टाकला होता. वासुभाऊ घरात बसले नाहीत. विहाराच्या ओट्यावर सावली होती तिथं बसले. बाबा शेजारी. मायनं मला पाणी घेऊन पाठवलं. मी पोचलो तेव्हा वासुभाऊ म्हणत होते, "पोट्ट्याची चूक नाई, दादा. चूक माही हाय."

बाबांनी विचारलं, "तुमी काय केलं?"

"केलं काईच नाई. करता आलं असतं, तरी नाई केलं."

बाबांना ते समजलं नाही. त्यांना एवढंच समजलं की एक नोकरदार माणूस, दुसऱ्या जातीचा, दुसऱ्या जिल्ह्यातला, आपल्या मुलाची चूक स्वतःवर घ्यायला दिवस मोडून आला आहे.  ते म्हणाले, "इतक्या दुरून मानूस येते आपल्या पोरासाठी. मंग ठेवा लागते त्याले." मी पेला धरून उभा होतो. तेव्हाही बोललो नाही. आता गप्प राहण्यात नुसती लाज उरली नव्हती, फायदाही होता.

त्यानंतरचे महिने मी शेगाव नाक्याजवळच्या त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत काढले. विभागप्रमुखांना सांगून त्यांनी मला प्रयोगशाळेत बसायची परवानगी काढली. पोरं गेल्यावर ते मला पुड्या बांधून देत आणि समोर बसत. ते स्वतः दहावी नापास होते. पण वीस वर्षं पुड्या भरून त्यांना जे कळलं होतं ते पुस्तकात नव्हतं. मी घाईनं शोधायला जाई, हे आहे का, ते आहे का. ते थांबवत. नाही आलं तर नाही आलं असं लिही म्हणत. मी मोजून पाहिलं: बरोबर सोडवलेल्या पेपरात बहुतेक ओळी 'नाही'च्याच असतात. हा गट नाही, तो गट नाही, हे नाही, तेही नाही. आहे, असं तीनचार ठिकाणीच येतं. पण ते आहे म्हणण्याची लायकी त्या सगळ्या नाहींमधून येते. असे पेपर आता मी दर वर्षी तपासतो. ज्या मुलाच्या नाहीच्या ओळी शांत अक्षरात असतात, त्याचं उत्तर मी न बघताही ओळखतो.

त्या वर्षी आमच्या फलंदाजाचे दिवस वाईट होते. तो लवकर बाद होई. वहीत एका डावाला दोन रेघा, तीन रेघा, कधी एकही नाही. टपरीवर लोक म्हणत की संपला, आता जाहिरातीच कराव्यात. हेच लोक मागच्या वर्षी सायकलवर एका पायानं उभे होते. वासुभाऊ वाद घालत नसत. एकदा फार झालं तेव्हा चहाचा कप खाली ठेवून म्हणाले की तुमचा तो कोन लागते, संपला तं तुमचं काय संपलं.  तो प्रश्न माझ्याजवळ राहिला. चाहता म्हणजे नेमकं काय असतं? ज्याला आपण काही देऊ शकत नाही, ज्याचं आपण काही बिघडवूही शकत नाही, त्याच्यासाठी रोज वेळ काढणारा माणूस. त्याला आपलं नाव माहीत नसतं. त्यामुळे तिथं खोटं बोलायची सोय नाही आणि गरजही नाही. माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत प्रामाणिक नातं त्या फलंदाजाशी होतं, असं कधी कधी वाटतं. ते विशेष नाही. ते सोपं होतं.

हिवाळी परीक्षेत मी पास झालो. त्याच सुमारास तोही एका कसोटीत दिवसभर टिकला आणि वहीची दोन पानं भरली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही.

तो निवृत्त होऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. वासुभाऊ त्याच्याही आधी निवृत्त झाले आणि चांदूर बाजारला स्वतःच्या गावी राहायला गेले. दिवाळीत मी जातो. ऐंशीच्या पुढे गेलेत, कानांनी कमी ऐकू येतं, वाचायला त्रास होतो. आम्ही जुन्या डावांबद्दल बोलतो. बाकीचं बोलत नाही.

यंदा त्यांची मुलगी मंदाताई परीक्षेच्या कामाला अकोल्याला आली होती. ती शाळेत शिकवते. स्टाफरूममध्ये डबा खाताना ती सहज म्हणाली की बाबा हल्ली एकच गोष्ट सारखी सांगतात. कुणाच्या पोराचा निकाल लागला की म्हणतात, माह्या हातून एका पोट्ट्याचं वर्ष गेलं, त्याच्या मायबापाले तोंड दाखवताना मले काय झालं मले माहीत. रात्री जेवत नाहीत कधी कधी त्या आठवणीनं. तो पोट्टा मीच, हे तिला ठाऊक आहे. ती हसून म्हणाली, "सर, तुम्हीच सांगा ना त्यांना एकदा, की तसं काही नव्हतं. तुमचं ऐकतील."

मी हो म्हटलं. डबा बंद केला. पुढच्या तासाला प्रयोगशाळेत एक मुलगी परिचराच्या हातांकडे टक लावून बघत होती, तो कुठली बाटली कुठं ठेवतो ते. माझ्या लक्षात आलं की वासुभाऊंनी पंचवीस वर्षं तेच केलं होतं जे त्या दुकानाबाहेरची गर्दी करायची. आपण हललो म्हणून तो बाद झाला, असं मानणं. पाणी प्यायला उठलेला माणूस माझ्या बाबतीत मात्र पंचवीस वर्षं एका पायावर उभा राहिला. आणि त्याला खाली बसा म्हणू शकणारा एकटा मी होतो.

त्याच संध्याकाळी पत्र लिहिलं. फोनवर त्यांना ऐकू येत नाही, हे एक कारण. दुसरं कारण असं की समोर बसलो की मी पुन्हा गप्प बसेन, हे मला माहीत होतं. अक्षर मोठं काढलं. ते असं:

ती. वासुभाऊ,

सविनय जयभीम.

मंदाताईंनी सांगितलं की दुसऱ्या वर्षाच्या माझ्या नापास होण्याचं तुम्ही अजून मनाला लावून घेता. तसं करू नका. तुम्ही सांगितलं असतं तर मी पास झालो असतो, असं तुम्हाला वाटतं. तुम्ही न सांगताही मी पास झालो असतो. माझी ज्योत लाल आली होती आणि मी ती लाल लिहिलीही होती. मग तुम्ही गजाननसाठी आणलेली क्रोमेटची बाटली माझ्या टेबलावर ठेवली. मला वाटलं, ती तुमची खूण आहे. म्हणून मी लाल खोडून हिरवी लिहिलं. न आलेला गाळ आला म्हणून लिहिला. बाटली गजाननची होती हे मला त्याच दिवशी व्हरांड्यात कळलं होतं.

तुम्ही नळाजवळ बोललात तेव्हा मी गप्प राहिलो. हिवरखेडला तुम्ही बाबांसमोर चूक अंगावर घेतलीत तेव्हाही गप्प राहिलो, कारण तुम्ही ती घेतलीत म्हणून बाबा मला परत पाठवणार होते. तुमच्या घरी मी राहिलो, जेवलो, शिकलो, ते सगळं मी हे माहीत असताना केलं. पुढं भाषणांत तुमचं नाव घेतलं, तेव्हाही हे वगळून घेतलं.

तुम्ही मला नाही म्हणालात ते बरोबर होतं. तुम्ही सॉल्ट फोडाल असं मला वाटलं, यासाठी मी तुमची माफी मागतो. तुम्ही कधी कुणासाठी ते केलं नाही आणि माझ्यासाठीही केलं नाही. ते वर्ष मी घालवलं. ते तुमच्याकडे इतकी वर्षं राहिलं, ते आता मला परत द्या.

बाबा जाऊन सहा वर्षं झाली. त्यांना हे सांगायचं राहिलं. ते शेवटपर्यंत म्हणत की आवारे भाऊंनी चूक केली आणि तरी दिवस मोडून सांगायला आले, असा माणूस पाहिला नाही. तुम्ही चूक केली नव्हती, हे त्यांना कधी कळलं नाही.

हे पत्र तुम्हाला मंदाताई वाचून दाखवतील, म्हणजे त्यांनाही कळेल. कळू द्या. रविवारी सकाळच्या गाडीनं येतो. तुम्हाला बोलायचं नसेल तर मी ओट्यावर थोडा वेळ बसून परत जाईन.

आपला,
मिलिंद